गंगम्मा शिकली तो चिनी शब्द

गंगाखेडच्या कापडबाजारात गुरुपादअप्पांचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच मागे घर. दुकान अप्पांचं, पण गावात नाव निघे ते त्यांच्या बायकोचं, गंगम्माचं. तेही तिच्या नजरेसाठी.

त्या काळी तिथल्या लिंगायत घरांत सोयरीक पक्की होण्याआधी मुलाकडची एखादी जाणती बाई मुलीच्या घरी मुक्कामाला जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलीला तेल लावून न्हाऊ घाली. याला सगळे कौतुकाचं न्हाणं म्हणत. मुलीची आईही हसून तसंच म्हणे, आणि आदल्या रात्री जागी राही. न्हाणं हे निमित्त. बाई आलेली असे ती मुलीची पाठ, मान, दंड पाहायला. कुठे कोड नाही ना, लासेचा डाग नाही ना, मानेवर उलटा भोवरा नाही ना. परत येऊन ती एका वाक्यात काय ते सांगे आणि त्या वाक्यावर लग्न ठरे किंवा मोडे. गंगाखेडातून, सोनपेठेतून, पार परभणीपासून या कामाला गंगम्माला बोलावणं येई. चाळिशीपर्यंत तिने साठ-सत्तर मुली पाहिल्या होत्या. तिचा शब्द एकदाही खोटा निघाला नाही, असं लोक म्हणत. तीही म्हणत असे.

ही नजर तिला वडिलांकडून आली. चन्नबसप्पा सोनपेठचे साधे शेतकरी, पण बैलबाजारात त्यांनी पाहिल्याशिवाय कोणी बैलाच्या कासऱ्याला हात लावत नसे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून धाकटी गंगम्माच त्यांच्याबरोबर छकड्यात बसून बाजाराला जाई. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर शेवरा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असल्या तर वानेरा, सगळा पांढरा तो बालंक्या. इतर मुलं धुळाक्षरं गिरवतात त्या वयात ती हे शिकली. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ. असा बैल घरात रडं आणतो. पाठीवरची केसांची गोम एका अंगाला वळली तर बरकत, दुसऱ्या अंगाला वळली तर धन्याच्या जिवावर. प्रत्येक खुणेला नाव होतं आणि नावातच निकाल होता.

बैलाला हात लावण्याआधी चन्नबसप्पा खाली वाकून चिमूटभर माती उचलत, बोटांना चोळत आणि मग बैलाच्या अंगावरून हात फिरवत. वडील धरणीमायला नमस्कार करतात, असं गंगम्माला वाटे. तिने कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

फसली तेराशे सेहेचाळीस साली, म्हणजे सन छत्तीसच्या दिवाळीनंतर, गंगम्माची शेजारीण गौराबाई हिच्या मुलासाठी पाथरीची मल्लम्मा सांगून आली. मुलगी अठराची होती. वडील वारल्यामुळे दोन वर्षं लग्न लांबलं होतं, त्यामुळे तिच्या आईची, पार्वतीबाईची, झोप उडालेली होती. मुलगी नाकीडोळी नीटस, शिवणात हुशार, चार बुकं शिकलेली. गौराबाईला पसंत होती. राहिलं होतं फक्त न्हाणं. गंगम्मा मानवत रोडला गाडीतून उतरली आणि छकड्याने पाथरीला गेली.

सकाळी न्हाणीत मल्लम्मा गुडघे पोटाशी घेऊन पाटावर बसली. गंगम्माने करडईचं तेल कोमट करून तिच्या पाठीला लावलं. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर चवलीच्या नाण्याएवढे तीन पांढरट ठिपके होते. गंगम्माचा हात तिथे थांबलेला पार्वतीबाईने दारातूनच पाहिला.

"बिब्बा उतलाय, अक्का," ती घाईघाईने म्हणाली. "पाण्याची घागर आणताना खांदा भरला हुता. हिच्या काकूनं बिब्बा घातला अन् समदी कातडी उतून गेली. दोन वरसं झाली."

बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, कधी कधी जागा पांढरी राहते, हे गंगम्माला माहीत होतं. पण हेच वाक्य तिने आजवर सात न्हाण्यांत ऐकलं होतं, आणि सातांपैकी पाच ठिकाणी तिने ते कोडच ठरवलं होतं. कोड असलेल्या मुलीची आई दुसरं काय सांगणार? तिने ठिपक्यांवरून दोनदा बोट फिरवलं. तेलाच्या हाताला सगळी पाठ सारखीच गुळगुळीत लागली. म्हणजे भाजल्याचा वण नाही. तिने मनातल्या मनात निकाल दिला, शिकेकाई लावली, न्हाऊ घातलं, केस पुसून दिले आणि वर मल्लम्माच्या गालावरून बोटं मोडली. मल्लम्मा तिच्याकडे पाहून हसली. ते हसू पुढे गंगम्माला पुष्कळ वर्षं पुरलं.

परत आल्यावर तिने गौराबाईला ओसरीवर उभ्या उभ्याच सांगितलं, "पाठीवर कोड हाय."

एवढंच. गौराबाईने निरोप धाडला. मुलीकडच्यांना कारण विचारायची गरज पडली नाही. महिन्याभरात ते कारण मानवतेत, सेलूत, परभणीत सगळ्यांना कळलं होतं. गंगम्माने स्वतः कोणाला सांगितलं नव्हतं. पण कोणी विचारलं की ती मान हलवून गप्प राही, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांना समजे.

दर वर्षी माघात एक चिनी माणूस रेशीम घेऊन गंगाखेडच्या स्टेशनवर उतरे. खांद्यावर निळ्या कापडाचं गाठोडं, हातात लाकडी गज. असे फेरीवाले चिनी तेव्हा निजामाच्या मुलखात गावोगाव फिरत. याचं नाव कोणाच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून त्याला नुसतं चिनी म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याला मोडकी हिंदुस्थानी येत होती. गुरुपादअप्पा त्याच्याकडून चार-सहा वार घेत, आणि दुकानातला सौदा झाला की तो मागच्या ओसरीच्या पायरीवर बसून पाणी पिई. बायका तेव्हा उरलेलं रेशीम पाहून घेत.

त्या माघात तो आला तेव्हा गंगम्मा कारळाची चटणी कुटत होती. त्याने एक मोरपंखी रेशीम उलगडलं. उन्हात धरलं की त्यात फुलं दिसत, सावलीत धरलं की नाहीशी होत. गंगम्माने हात पुढे केला, तसं त्याने कापड मागे ओढलं.

"हाथ पोंछो, बाई."

तिने पदराला हात पुसला. त्याने मान हलवली. कारळाचं तेल असं जात नाही. मग त्याने कमरेच्या पिशवीतून पांढऱ्या खडूची पूड काढून तिच्यापुढे पायरीवर ठेवली, आणि स्वतःच्या बोटांना चोळून दाखवली. गंगम्माला राग आला. आपल्याच दारात हा परका माणूस आपला हात घाण ठरवतो. पण फुलांची हौस मोठी होती. तिने पूड चोळली आणि कापडावरून बोट फिरवलं. डोळे मिटले तरी फूल कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बोटाला कळत होतं. मग त्याने दुसरा, हलका तुकडा दिला. त्यावरची फुलं डोळ्यांना तशीच होती, पण ती रंगाने उठवलेली. बोटाला काहीच लागलं नाही. तेलाच्या हाताला दोन्ही सारखेच, असं काहीसं त्याने खुणेने सांगितलं. ते तिने ऐकलं, पण मनात उतरलं नाही, कारण तिचं लक्ष आता दुसरीकडे होतं.

या फुलांच्या नक्षीला तुमच्या मुलखात काय म्हणतात, असं तिने विचारलं.

"ह्वावन," तो म्हणाला.

तिने म्हणून पाहिलं. त्याने तीनदा सुधारलं आणि चौथ्यांदा नाद सोडून हसला. मग तिलाच खेळ सापडला. कवाडाच्या फळीवर सागाच्या रेषा होत्या, त्यांच्याकडे तिने बोट केलं. ह्वावन, तो म्हणाला. चुलीपाशी पट्ट्यापट्ट्यांची मांजर झोपली होती. तिलाही ह्वावन. गंगेच्या, म्हणजे गावच्या गोदावरीच्या, वाळूवर पाणी उतरल्यावर लाटा उमटून राहतात, त्या तिने राखेत बोटाने काढून दाखवल्या. त्यालाही त्याच्याकडे नाव होतं, जरासं वेगळं, पण शेवट तोच. अंगणात गाडीचा शेवरा बैल रवंथ करत होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. त्यालाही ह्वावन.

गंगम्माने विचारलं, "अच्छा की बुरा?"

त्याला प्रश्न कळला नाही. तिने बैलाकडे, मांजरीकडे, फळीकडे पुन्हा बोट करून विचारलं, चांगलं ह्वावन कोणतं आणि वाईट कोणतं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "ह्वावन. बस."

एवढ्या मोठ्या मुलखात खुणेला एक शब्द, आणि त्यात निकाल नाही, याचं तिला हसू आलं. वडील असते तर काय म्हणाले असते, असं वाटलं. ती उठली आणि बैलाच्या पुठ्ठ्यावरच्या मोठ्या काळ्या ठिपक्यात एक गोल पांढरा डाग होता त्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि हे ह्वावन?"

"नाय," तो लगेच म्हणाला. "ये जला."

बैल लहान असताना त्याला आजारात डागणी दिली होती. वर पांढरे केस आले होते, लांबून तो शेवऱ्याच्या अंगाचाच पांढरा भाग वाटे. चिन्याने आपली बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरट होती. लहानपणी रेशमाचे कोशेटे उकळायच्या हंड्यातलं पाणी सांडलं होतं, असं त्याने हातवारे करून सांगितलं. "ये भी जला. ह्वावन नाय." मग त्याने पायरीवरच्या खडूच्या पुडीकडे बोट केलं आणि नंतर बैलाकडे.

गंगम्माने बोटांना पूड चोळली. बैलाच्या डागावरून हात फिरवला. डागाच्या कडेला बारीक कंगोरा होता, दोऱ्याएवढा. शेजारच्या काळ्या ठिपक्यावर तसं काही नव्हतं. तिने बोट पुन्हा कंगोऱ्यावर आणलं, आणि त्या क्षणी तिला वडिलांची चिमूटभर माती आठवली.

ते नमस्कार करत नव्हते. ते हात कोरडा करत होते.

साठ-सत्तर मुली तिने तेलाच्या हातांनी पाहिल्या होत्या. न्हाण्याची रीतच तशी होती; आधी तेल, मग पाहणं. बोटाला काही लागू नये अशी तजवीज करून ती बोटाने पाहत आली होती. चिन्याला वाटलं, बाईला ऊन लागलं. त्याने आपल्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. तिने ते घेतलं नाही, ती सरळ आत गेली. त्या दिवशी रेशीम घेतलं गेलं नाही. पुढच्या माघाआधीच त्याच्या देशात लढाई पेटली आणि तो पुन्हा आला नाही.

कळलं ते कळलं; पण सांगायला तिला चार महिने लागले. पहिला महिना तिने स्वतःची समजूत घालण्यात काढला. पाथरीचं ते कोडच असेल. सातांत पाच, हा हिशेब तिच्या बाजूने होता. पण मग पुढची शंका येई, त्या पाचांतलं तरी कोणतं तिने कोरड्या हाताने पाहिलं होतं? दुसऱ्या महिन्यात तिने गौराबाईपाशी विषय काढला. गौराबाईचा मुलगा तोवर लातूरच्या मुलीशी बोहल्यावर चढला होता. तिने ऐकून घेतलं आणि झालं ते झालं, आता हे कोणाजवळ बोलू नको म्हणून बजावलं. गंगम्माला तो सल्ला आवडला. तिने तो आणखी दोन महिने पाळला.

शेवटी जेठात ती पाथरीला गेली. नवऱ्याला सांगितलं, मठात दर्शनाला जाते. तेही खोटं नव्हतं. सोमवार होता आणि पाथरीच्या मठातली पूजा उरकून बायका पार्वतीबाईच्या ओसरीवर टेकल्या होत्या. मल्लम्मा सगळ्यांना पाणी देत होती. सहा महिन्यांत तिच्याकडे एकही स्थळ आलं नव्हतं. गंगम्माला पाहून बायका सरकून बसल्या.

तिने मल्लम्माला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, पाठ एकदा पाहू दे, माझी पाहण्यात चूक झाली असेल. मल्लम्माने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"आता कुणाला दाखवायची न्हाई, मावशी. तवा दाखवली ती लय झाली."

आवाज मोठा नव्हता. गंगम्माने हात मागे घेतला. ती तशीच बाहेर आली आणि चार बायकांसमोर उभी राहिली. तिने सांगितलं की ते कोड नाही, बिब्बाच आहे; आपण तेलाच्या हाताने पाहिलं, तेलाने वण कळत नाही; चूक आपली. तिला वाटलं होतं, हे बोलताना जीव जाईल. तसं झालं नाही. बोलल्यावर उलट हलकं वाटलं, थोडा अभिमानही वाटला.

मल्लम्माची चुलती तानुबाई खांबाला टेकून बसली होती. बिब्बा तिनेच घातला होता आणि त्यावरून सहा महिने घरात तिचा उद्धार चालला होता. ती पान जुळवता जुळवता म्हणाली, "बिब्बाच हाय म्हणता?"

"हो. बिब्बाच."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

"मग तुमच्या अण्णारावला करा की. तुमाला तर खात्री हाय. दुसऱ्याला कशापायी सांगायलाव?"

अण्णाराव गंगम्माचा एकुलता मुलगा, वीस वर्षांचा, दुकानात बसू लागलेला. त्याच्यासाठी स्थळं यायला लागली होती. तानुबाई टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे ठरवायला गंगम्माला तेवढाच वेळ होता जेवढा तिने घेतला. तिने बांगड्यांकडे पाहिलं. मग मठाच्या कळसाकडे पाहिलं. ओसरीवरच्या बायका वाट पाहत होत्या. दारात मल्लम्मा तांब्या घेऊन उभी होती, तीही वाट पाहत होती. पार्वतीबाई तर जागची अर्धी उठली होती.

गंगम्मा म्हणाली, "गाडीची वेळ झाली. निघते."

कोणी तिला थांबवलं नाही. छकड्यात बसल्यावर तिला ओसरीवरून हसणं ऐकू आलं, की तसा भास झाला, ते तिला कधीच नक्की सांगता आलं नाही.

ही हकीकत अण्णारावच्या कानावर पंधरा दिवसांनी आली, मानवतेच्या एका गिऱ्हाइकाकडून. तो जेवायला बसला होता. त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, "अव्वा, पाथरीत तुला माझ्यावरून कुणी काय म्हणलं का?"

तिने सगळं सांगितलं.

"मग तू न्हाई म्हणलीस?"

"मी काहीच म्हणले न्हाई."

"म्हणजे न्हाईच की." तो थोडा वेळ जेवला. "मला विचारायचं तरी."

त्याने आवाज चढवला नाही. तिला वाटलं, चढवला असता तर बरं होतं. त्याच दिवशी तिने नवऱ्याकडे विषय काढला. गुरुपादअप्पा पहिल्यांदा तडकले. गावाने कोड ठरवलेली मुलगी घरात आणायची म्हणजे उद्या अण्णारावच्या पोरींना कोण विचारणार? ते ठरवलं गावाने नव्हतं, आपण ठरवलं होतं, हे तिने त्यांना समजावून सांगेपर्यंत आषाढ गेला. अण्णारावने वडिलांना, मला पसंत आहे, एवढंच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. श्रावणात ती नारळ आणि खण घेऊन निघाली.

पार्वतीबाईने तिला पाट दिला, पाणी दिलं. नारळाकडे तिने पाहिलं आणि तिला सगळं समजलं. चुडाव्याचं स्थळ, ती म्हणाली. स्टेशनाजवळ किराणा दुकान. बिजवर, पहिलीची दोन लेकरं. त्यांनी काही विचारलं नाही, काही पाहिलं नाही. लग्न होऊन अकरा दिवस झाले होते.

"तुमी गेलाव त्या दिवशी पोरगी म्हणली, मावशी येतील. नवऱ्याला इचारून येतील." पार्वतीबाई जमिनीकडे पाहत बोलत होती. "महिना वाट बघितली, अक्का. मग तेबी स्थळ जाईल म्हणून दिऊन टाकली."

खण तसाच परत आला. तो गंगम्माने कोणाला दिला नाही, आपणही शिवला नाही.

त्यानंतर ती कुठल्याच न्हाण्याला गेली नाही. अण्णारावचं लग्न दोन वर्षांनी झालं तेव्हा त्या मुलीकडेही तिने कोणाला पाठवू दिलं नाही. पण बोलावणं येणं थांबलं नव्हतं. लोकांना तिच्या नजरेची सवय लागली होती. कोणी आलं की ती त्या बाईला बसवून घेई आणि आपण का जात नाही ते सांगे. वडिलांची माती, तेलाचा हात, बिब्बा, चिन्याचा ह्वावन, सगळं सांगे. त्या शब्दात बरंवाईट नसतं, तो तेवढ्यासाठीच शिकण्यासारखा आहे, असंही सांगे. पाथरीला जाऊन चार बायकांत चूक कबूल केली, इथवर येऊन ती थांबे. ऐकणाऱ्या बाईचे डोळे भरून येत. एवढ्या मानाची बाई, आणि चूक कबूल करायला पाथरीपर्यंत गेली. असं मन कोणाचं असतं, म्हणत त्या तिच्या पाया पडत.

गंगम्मा पाया पडू देई. पुढचं सांगायचं, असं ती दर वेळी ठरवत असे. पण त्या हात जोडून उठू लागल्या की, आता कुठे मोडता घालायचा, म्हणून ती गप्प राही. वर्षांमागून वर्षं गेली तशी ती गोष्ट तिला फार चांगली सांगता येऊ लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसून गेलं. ह्वावन हा शब्द तर ती अशा नखऱ्याने म्हणे की बायका पुन्हा म्हणायला लावत.

सन सेहेचाळीसच्या शिवरात्रीला गंगाखेडच्या घाटावर गर्दी होती. परळीची कमलबाई म्हणून एक ओळखीची बाई आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला चला म्हणून गंगम्माच्या मागे लागली होती. गंगम्माने पायरीवर बसून तिला नेहमीची हकीकत सांगितली. आजूबाजूला धुणं धुणाऱ्या, न्हाऊन केस वाळवणाऱ्या पाच-सात बायकाही ऐकत होत्या. चार बायकांत चूक कबूल केली, इथवर ती आली आणि थांबली. कमलबाईने डोळ्याला पदर लावला.

"पुढं सांगा की, मावशी."

आवाज खालच्या पायरीवरून आला. तिथे एक तिशीच्या आतबाहेरची बाई मुलीचा परकर पिळत होती. दोन मोठी मुलं तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसली होती, कडेवरचं धाकटं पदराशी खेळत होतं. डाव्या खांद्यावर पदर घट्ट बसवलेला होता. गंगम्माला ओळखायला वेळ लागला नाही. मल्लम्माने तिच्याकडे पाहिलंच नाही, ती परकर पिळत राहिली. चुडाव्याहून ती शिवरात्रीसाठी आली होती, एवढंच.

"पुढं काय हुतं?" कमलबाईने विचारलं.

गंगम्माला पाण्यात उतरून पलीकडच्या काठाला जावं असं वाटलं. मग ती बोलली. तिने तानुबाईचा प्रश्न सांगितला. आपण बांगड्यांकडे पाहिलं ते सांगितलं. गाडीची वेळ झाली असं म्हणाल्याचं सांगितलं, आणि गाडीला तेव्हा दोन तास होते हेही सांगितलं. ते तिने आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. आवाज खाली आणायची तिची जागा चुकली, काही वाक्यं तिने दोनदा म्हटली. गोष्ट मुळीच चांगली सांगता आली नाही.

"पण का वं?" कमलबाई म्हणाली. "तुमाला तर खात्री हुती ना?"

"दुसऱ्याच्या घरासाठी हुती," गंगम्मा म्हणाली. "माझ्या घरावर आलं तवा वाटलं, कोडच असलं तर?"

 एका बाईने धुणं आपटायला सुरुवात केली. मल्लम्माने परकर झटकून खांद्यावर टाकला, धाकट्याला कडेवर नीट घेतलं आणि मोठ्या मुलांना म्हणाली, "चला रे, गाडी चुकंल." गंगम्माच्या पायरीवरून जाताना ती थांबली नाही. मागून चाललेल्या मोठ्या मुलीने मात्र, आपली आई जिचं बोलणं ऐकत होती ती म्हातारी कोण, म्हणून वळून पाहिलं.

कमलबाईने घागर भरून घेतली. मुलगी पाहायला चला, असं ती पुन्हा म्हणाली नाही. पायाही पडली नाही. गंगम्मा ऊन तापेपर्यंत पायरीवर बसून राहिली आणि मग एकटीच घरी गेली.